गॉगल लावून आरसी कार चालवताना ‘गाडी लागते’? मग आधी सेटअपकडे बघा

मी पहिल्यांदा एफपीव्ही गॉगल (गाडीवरच्या कॅमेऱ्याचं चित्र थेट डोळ्यांसमोर दाखवणारा) लावून माझा एकास दहा स्केलचा, रिमोटवर चालणारा मॉन्स्टर ट्रक चालवला तो घरामागच्या मोकळ्या प्लॉटवर, प्लास्टिकच्या खुर्चीत बसून. पाच मिनिटं पण झाली नसतील, गॉगल काढून गुडघ्यात डोकं घालून बसलो. तोंडाला पाणी सुटलेलं, मानेवर गार घाम, पोटात नुसतं ढवळत होतं. आणि मला आयुष्यात कधी बस लागलेली नाही, वाई-पाचगणीचा पसरणी घाट मी मागच्या सीटवर मोबाईलमध्ये वाचत चढलोय. माझ्या आतेभावाने दुसरा गॉगल त्याच चॅनेलला लावून नुसतं बघायला घेतलं होतं, तो तर माझ्या आधीच उठून नळाखाली तोंड धुवायला गेला.

त्यानंतर जवळजवळ पाच महिने मी एकेक गोष्ट बदलत गेलो, प्रत्येक वेळी वहीत लिहून ठेवलं, आणि आज मी चाळीस मिनिटं सलग चालवतो. सगळे सांगतात ‘सवय होईल, चालवत राहा’, हे अर्धंच खरं आहे आणि त्या अर्ध्यामुळे बरेच जण पहिल्या आठवड्यात गॉगल कपाटात टाकून मोकळे होतात. सवय होतेच, पण सेटअप बिघडलेला असेल तर सवय मळमळीचीच होते, म्हणजे गॉगल हातात घेतला तरी पोटात कालवायला लागतं. म्हणून आधी सेटअप आणि मग सवय, ह्याच क्रमाने लिहितोय.

नेमकं होतं काय

आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारा अवयव असतो, त्यात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या डोकं किती आणि कुठे वळलं ते सांगतात, आणि दोन छोट्या पिशव्या पुढे-मागे-वर-खाली ढकललं गेलं की सांगतात. घाटात बसमध्ये कान म्हणतो ‘वळलो’, पण डोळे समोरच्या सीटकडे असतात ते म्हणतात ‘काही हललं नाही’. गॉगलमध्ये बरोब्बर उलटं: डोळे म्हणतात सुसाट चाललोय, कान म्हणतो अरे खुर्चीत बसलायस. स्टेशनवर शेजारची लोकल सुटली की आपलीच सुटली असं क्षणभर वाटतं ना, तोच भास इथे अखंड चालू राहतो. ह्या न जुळण्यामुळे मळमळ होते ही मांडणी रीझन आणि ब्रँड ह्या दोघांनी १९७५ च्या आपल्या पुस्तकात केली आणि अजूनही लोक तीच धरून चालतात.

अजून एक गोष्ट, घाटात ड्रायव्हरला गाडी सहसा लागत नाही कारण पुढचं वळण कधी घ्यायचं ते त्याच्या हातात असतं, शरीर आधीच तयार होतं. आतेभावाला माझ्या आधी लागलं ते ह्याच्यामुळेच, तो पॅसेंजर होता. तेव्हा घरी आलेल्या पाहुण्यांना ‘बघ जरा कसं दिसतं’ म्हणून गॉगल देणार असाल तर रिमोट पण त्यांच्याच हातात द्या, किंवा गाडी अगदी सरळ आणि हळू चालवा.

सगळ्यात आधी लॅग मोजा

लॅग म्हणजे हालचाल झाल्यापासून तिचा परिणाम दिसेपर्यंत लागणारा उशीर. अंदाजाने बदलत बसू नका. तुमच्या फोनमध्ये स्लो मोशन सेकंदाला २४० फ्रेमचं असेल तर तेवढंच पुरे आहे, एक फ्रेम म्हणजे साधारण ४.२ मिलीसेकंद.

पहिलं माप चित्राचं. गाडीचा कॅमेरा आणि गॉगलची भिंगं दोन्ही फोनच्या एकाच फ्रेममध्ये येतील असं टेबलावर मांडा, खोलीत थोडा अंधार करा, कॅमेऱ्यासमोर छोटी एलईडी टॉर्च धरा आणि चालू करा. नंतर व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत टॉर्च पेटल्यापासून गॉगलमध्ये उजेड दिसेपर्यंत किती फ्रेम गेल्या ते मोजा. स्टॉपवॉच दाखवून मोजायची पद्धत पण आहे पण साधी स्क्रीन सेकंदाला ६० वेळाच बदलते म्हणजे तिथेच १६-१७ मिलीसेकंदांचा घोळ होतो, टॉर्चच बरी. माझ्या साध्या ॲनालॉग सेटअपला आठ फ्रेम आल्या, म्हणजे ३३-३४ मिलीसेकंद, हे चांगलं आहे. फोनवर वायफायने चित्र दाखवणारे स्वस्त कॅमेरे असतात त्यांच्यात हाच आकडा सहज दीडशेच्या वर जातो, त्याने गाडी चालवायचा नाद सोडा, बाकी काहीही केलं तरी त्रास जाणार नाही.

दुसरं माप हेड ट्रॅकिंगचं, म्हणजे डोकं वळवलं की गाडीवरचा कॅमेरा सर्व्होने (छोट्या मोटरने) वळतो ते. गॉगल हातात धरून फोनसमोर एक झटकन वळण द्या आणि गॉगल हलल्यापासून सर्व्हो हलायला लागेपर्यंतच्या फ्रेम मोजा. माझ्या सव्वीस निघाल्या! म्हणजे १०८ मिलीसेकंद, त्यात चित्राचे ३४ मिळवा, १४० च्या वर गेलं. व्हीआर हेडसेट बनवणारे हा वेळ २० मिलीसेकंदांच्या आसपास ठेवायला धडपडतात. तो आकडा बघितल्यावर माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, माझ्या मळमळीतला मोठा वाटा गाडीच्या वेगाचा नव्हताच, मी मान वळवत होतो आणि जग सव्वा-दीड दशांश सेकंद उशिरा मागून ओढत येत होतं.

म्हणून हेड ट्रॅकिंग काढून टाका, निदान पहिले दोन आठवडे

सगळ्यांना तेच सगळ्यात भारी वाटतं आणि सगळे तेच आधी लावतात, मी पण लावलं. पण कॅमेरा सरळ फिक्स असला तर मान हलवून चित्र हलतच नाही, मेंदू त्याला गळ्यात अडकवलेला टीव्ही समजतो, आणि टीव्ही बऱ्यापैकी झेपतो. ट्रॅकिंग शेवटी परत आणायचं आहे, ते खाली सांगतो.

कॅमेरा किती उंचीवर आहे

ह्याबद्दल फार कमी जण बोलतात आणि मला वाटतं हाच सगळ्यात मोठा आणि फुकटातला उपाय आहे. वेग किती ‘वाटतो’ ते गाडीच्या स्पीडवर कमी आणि डोळा जमिनीपासून किती वर आहे त्यावर जास्त ठरतं. साध्या कारमध्ये आपला डोळा साधारण १.२ मीटरवर असतो. माझा कॅमेरा बंपरला होता, जमिनीपासून १० सेंटीमीटर, म्हणजे बारा पट खाली. गाडी ताशी १० किलोमीटरने चालली की डोळ्यांना जमीन ताशी १२० ने धावल्यासारखी दिसते, आणि २५ ने चालवली की ३०० च्या घरात! खुर्चीत बसलेल्या शरीराला हे कसं पटणार.

मी कॅमेरा रोल केजच्या (गाडीवरच्या नळ्यांच्या पिंजऱ्याच्या) वर, जमिनीपासून २२ सेंटीमीटरवर नेला आणि त्याच वेगाला चित्र निम्म्याहून शांत झालं. ह्यापेक्षा वर पण न्यायचा मोह होतो पण मग गाडी जराशी झुकली की उंच काठीच्या टोकावरचा कॅमेरा जास्त डुलतो आणि ते वेगळंच दुखणं. वीस-बावीसवर थांबा.

कॅमेरा पुढे नाही, मागे लावा, मागच्या चाकांच्या जरा पुढे, असा की फ्रेमच्या खालच्या भागात बॉनेट आणि पुढच्या चाकांची टोकं दिसतील. डोळ्यांना फ्रेममध्ये एक न हलणारी वस्तू मिळाली की आधार मिळतो, घाटात खिडकीची चौकट धरून बसल्यासारखं. शिवाय स्टिअरिंग फिरवलं की चाकं वळलेली दिसतात, म्हणजे गाडी वळायच्या एक क्षण आधी मेंदूला कळतं. मी बॉनेटवर फ्लुरोसंट टेपची एक उभी पट्टी पण चिकटवलीय.

हादऱ्यांसाठी कॅमेऱ्याखाली मऊ रबर, पण इतकं पण मऊ नको की कॅमेरा जेलीसारखा हलेल. बोटाने टिचकी मारून बघा, एकदा हलून थांबला पाहिजे. आणि क्षितिज! कॅमेरा दोन अंश जरी तिरका बसला असेल तरी मेंदू सतत डोकं सरळ करायला बघतो. भिंतीवर पाण्याच्या लेव्हलने आडवी टेप लावा आणि गॉगलमध्ये ती फ्रेमच्या कडेला समांतर येईपर्यंत स्क्रू फिरवत राहा.

लेन्स आणि गॉगल एकमेकांना जुळतात का

गाडीपासून नाही, कॅमेऱ्याच्या भिंगापासून बरोब्बर एक मीटरवर भिंत ठेवा आणि चित्रात भिंतीची किती रुंदी दिसते ते टेपने मोजा. १.१५ मीटर दिसत असेल तर कोन ६० अंशांचा, १.७ मीटर म्हणजे ८० च्या आसपास, २ मीटर म्हणजे ९०. आता गॉगलच्या माहितीपत्रकात तुमच्या डोळ्यांना स्क्रीन किती अंशात दिसते ते बघा, बहुतेक तिथे तिरका कोन छापलेला असतो तेव्हा आडवा त्याहून कमी धरा.

कॅमेरा १२० अंश बघतोय आणि गॉगल ४० अंशात दाखवतोय, म्हणजे तिप्पट दाबलेलं चित्र. फिक्स कॅमेऱ्याला हे चालतं, उलट छोटी स्क्रीन असली की कडेला काळी जागा राहते आणि त्रास कमीच होतो, नवशिक्याला मी मुद्दाम लहान गॉगलच सुचवेन. पण हेड ट्रॅकिंगला हे दाबलेलं चित्र विष आहे, कारण तुम्ही मान ३० अंश वळवता आणि समोरचं झाड स्क्रीनवर १० अंशच सरकतं, म्हणजे झाड जागेवर राहत नाही, तुमच्यासोबत ओढलं जातं. ट्रॅकिंग हवं असेल तर दोन्ही कोन होता होईल तेवढे सारखे करा. छोट्या एफपीव्ही कॅमेऱ्यांची लेन्स फिरवून निघते, २.१ मिलिमीटरच्या जागी २.८ किंवा ३.६ ची लावली की कोन कमी होतो, किंमत किरकोळ असते.

मोठ्या डब्यासारख्या गॉगलमध्ये स्क्रीन डोळ्यांच्या जास्त भागात भरते, बाजूच्या नजरेत जमीन पळताना दिसते आणि सरकल्याचा भास तिथूनच जास्त येतो. असलाच गॉगल असेल तर कडेने काळ्या फोमची चौकट लावून स्क्रीनचा बाहेरचा भाग झाका. मी सुरुवातीला प्रत्येक बाजूचे दोन सेंटीमीटर झाकले होते, नंतर महिन्याभराने कापत गेलो.

रिमोटमध्ये काय बदलायचं

थ्रॉटल, म्हणजे वेगाचा ट्रिगर, आधी. ५० टक्क्यांवर लिमिट लावा आणि एक्स्पो ३०-४० टक्के द्या म्हणजे सुरुवातीचं बोट हळू लागेल. ब्रेक पण तसाच मऊ, कारण करकचून ब्रेक दाबला की गाडी नाक खाली घालते, चित्र एकदम जमिनीकडे झुकतं, आणि कानाला त्यातलं काहीच जाणवलेलं नसतं. स्टिअरिंगला एक्स्पो ४० आणि एजटीएक्सवाला (त्या नावाच्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरवर चालणारा) रिमोट असेल तर चॅनेलला स्लो लावता येतो, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला अर्धा सेकंद असं काहीतरी. रेसिंगवाले नाक मुरडतील पण आपण शर्यत जिंकायला निघालेलो नाही.

चालवताना जागच्या जागी गोल गोल फिरवणं टाळा, सगळ्यात जास्त त्रास त्यानेच होतो. आठच्या आकड्याची मोठी वळणं घ्या. आणि वळायच्या आधी नजर वळणाच्या आतल्या टोकाकडे न्या, मान नाही, फक्त डोळे.

व्हिडिओ लिंकबद्दल थोडक्यात

ॲनालॉग कॅमेऱ्यात पाल आणि एनटीएससी (चित्र पाठवायच्या दोन पद्धती) असं सेटिंग असतं, एनटीएससी ठेवा, पालमध्ये सेकंदाला ५० वेळा अर्धं चित्र बदलतं आणि एनटीएससीत ६० वेळा, ओळी थोड्या कमी मिळतात पण हालचाल गुळगुळीत दिसते. डिजिटल घेतलं तर चित्र सुंदर येतं पण सिग्नल गेला की फ्रेम गोठते, ॲनालॉगमध्ये नुसत्या मुंग्या येतात आणि खालून रस्ता अंधुक तरी दिसत राहतो. चालत्या चित्राचं असं मध्येच गोठणं पोटाला फार वाईट. गोठलं की थ्रॉटल सोडायचं, ही सवय हाताला पहिल्या दिवसापासून लावा.

जमिनीवरच्या गाडीला अँटेना खाली असते म्हणून सिग्नल लवकर तुटतो, व्हीटीएक्सची (गाडीवरून चित्र पाठवणाऱ्या ट्रान्समीटरची) अँटेना केजच्या वर न्या, आणि अँटेना लावल्याशिवाय व्हीटीएक्सला करंट देऊ नका, जळतो. आपल्याकडे ५.८ गिगाहर्ट्झमध्ये ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ एवढाच पट्टा ठरलेल्या पॉवरच्या आत लायसन्सशिवाय वापरता येतो, त्यामुळे एफ१ ते एफ७ ह्या चॅनेलांवर राहा, एफ८ हा ५८८० ला जातो म्हणजे बाहेर. मैदानाला २५ मिलीवॉट भरपूर झाले.

बसायचं कसं आणि किती वेळ

उभं राहून चालवू नका. शरीर चित्राप्रमाणे डुलायला लागतं, तोल जातो, माझ्या ओळखीतला एक जण सरळ गटाराच्या कठड्यावर आदळलाय. पाठ टेकेल अशी खुर्ची, जमलं तर डोकं पण भिंतीला टेकवा, दोन्ही पाय जमिनीवर. समोर छोटा टेबलफॅन तोंडावर सोडा, मैदानात असाल तर वाऱ्याकडे तोंड करून बसा, गार हवेने खरंच फरक पडतो. एकदम उपाशी नको आणि जेवल्या जेवल्या पण नको.

शेजारी गॉगल न लावलेला एक सोबती पाहिजेच. तो कुत्रं, लहान मूल, सायकल बघतो आणि ‘थांब’ म्हणतो, आणि त्याने थांब म्हटलं की का ते न विचारता थांबायचं. रस्त्यावर किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये मुलं खेळत असताना अजिबात नाही.

आता वेळापत्रक. मी पहिला आठवडा दिवसाला तीन मिनिटं, दोन वेळा, मध्ये किमान अर्धा तास सोडून, अशी सुरुवात केली. दुसऱ्या आठवड्यात पाच, मग आठ, मग बारा. प्रत्येक मिनिटाला सोबत्याने विचारायचं ‘किती?’ आणि तुम्ही शून्य ते पाच आकडा सांगायचा. शून्य म्हणजे काहीच नाही, एक म्हणजे जांभई किंवा ढेकर, दोन म्हणजे पोटाकडे लक्ष जायला लागलं, तीन म्हणजे तोंडात पाणी किंवा गार घाम, चार म्हणजे सरळ मळमळ, आणि पाचपर्यंत जायचंच नाही. दोनला गॉगल काढायचा. चारला काढला तर तास-दोन तास वाया जातात आणि दुसऱ्या दिवशी पण शरीर आठवण ठेवतं, दोनला काढला तर दहा मिनिटांत माणूस ताजातवाना. जांभईकडे दुर्लक्ष करू नका, लोकांना वाटतं झोप येतेय, ती बऱ्याचदा पहिली खूण असते. सिम्युलेटरवर बसणाऱ्यांसाठी १९९३ मध्ये केनेडी आणि सहकाऱ्यांनी सोळा लक्षणांची एक प्रश्नावली बनवली, तिच्यात पण पोट, डोळे आणि तोल असे तीन वेगळे गठ्ठे आहेत. मला हे वहीत लिहिताना फार उपयोगी पडलं, कारण फक्त डोळे दुखत असतील तर दोष फोकसचा किंवा गॉगल नाकावर नीट न बसल्याचा असतो, आणि पोट ढवळत असेल तर लॅग, उंची, वळणं तपासायची.

गोळ्यांचं सगळे विचारतात. घाटात जाताना आपण ॲव्होमिन घेतो, ती इथे नको. तिने गुंगी येते, हात मंद होतो, आणि मुख्य म्हणजे सेटअपमधला दोष झाकला जातो. आलेपाक चघळायला हरकत नाही, मला थोडा आराम पडतो. ज्यांना अर्धशिशीचा त्रास आहे त्यांनी फारच सावकाश जा, त्यांना हे सगळं जास्त लागतं.

ट्रॅकिंग परत आणताना

बारा मिनिटं आकडा एकच्या वर न जाता जमली की मगच. आधी फक्त डावं-उजवं जोडा, वर-खाली नको, आणि मान कलती करण्याचा अक्ष तर कधीच नको. मी आर्डुइनो नॅनो ३३ बीएलई ह्या छोट्या सर्किट बोर्डावर चालणारा ओपन सोर्स हेड ट्रॅकर गॉगलवर चिकटवलाय आणि रिमोटच्या ट्रेनर पोर्टला (बाहेरून दुसरा सिग्नल घ्यायच्या जागेला) जोडलाय. वेळ कुठे जातो ते ओळीने बघा: ट्रेनरच्या पीपीएमची (त्या पोर्टमधून येणाऱ्या सिग्नलची) एक फ्रेम २२.५ मिलीसेकंदांची, सर्व्होला सिग्नल सेकंदाला ५० वेळा म्हणजे आणखी २०, आणि ट्रॅकरमध्ये चित्र थरथरू नये म्हणून लावलेला फिल्टर, माझ्याकडे सगळ्यात जास्त वेळ तोच खात होता. फिल्टर जवळजवळ शून्यावर आणला, थरथर कमी करायला सर्व्होचा माउंट घट्ट केला, आणि एसजी९० हा साधा सर्व्हो काढून ३३३ हर्ट्झ घेणारा डिजिटल मेटल गिअर सर्व्हो टाकला. साध्या एसजी९० ला ३३३ देऊ नका, तापून जाईल. सर्व्होला वेगळा ५ व्होल्टचा बीईसी (बॅटरीचं व्होल्टेज कमी करून देणारा तुकडा) दिला. एवढं करून १४२ मिलीसेकंदांचे ८० झाले. वीस होणं ह्या रस्त्याने शक्य नाही हे मान्य करून मान सावकाश वळवायची.

मग सर्व्होचं प्रमाण. कॅमेऱ्यापासून दोन मीटरवरच्या भिंतीवर मध्यभागी एक खूण आणि तिच्या उजवीकडे १.१५ मीटरवर दुसरी, हे झाले ३० अंश. मान बरोब्बर ३० अंश वळवल्यावर दुसरी खूण मध्यावर आली पाहिजे, आली नाही तर ट्रेनर चॅनेलचं वेट (प्रमाणाचं सेटिंग) बदलत राहा. सेंटर करायचं बटण अंगठ्याखाली ठेवा, कारण जायरो (वळण मोजणारा सेन्सर) हळूहळू सरकतो आणि मग सरळ बघायला मान वाकडी धरावी लागते.

ज्यांच्याकडे व्हीआर हेडसेट आहे आणि थोडं प्रोग्रामिंग येतं त्यांनी सर्व्होच टाकून द्यावा. गाडीवर १८० अंशांचा फिशआय कॅमेरा फिक्स लावायचा आणि ते चित्र हेडसेटमध्ये मोठ्या घुमटाच्या आतून चिकटवल्यासारखं दाखवायचं. मान वळवली की हेडसेट त्या घुमटाचा दुसरा भाग तिथल्या तिथे दाखवतो, गाडीपर्यंत जायचंच नाही, त्यामुळे गाडीचं चित्र शंभर मिलीसेकंद उशिरा आलं तरी मानेला लॅग कळत नाही. मला हेच पुढचं करायचंय. खऱ्या कार दुरून चालवणारी जर्मनीची वे नावाची कंपनी आहे, २०२४ पासून लास वेगासमध्ये भाड्याच्या गाड्या ग्राहकापर्यंत अशा पोचवते, तिचे ड्रायव्हर गॉगल न लावता मोठ्या स्क्रीनसमोर स्टिअरिंग धरून बसतात. गॉगल तुम्हाला जमलाच नाही तर तो मार्ग मोकळा आहे, १० इंची मॉनिटर आणि हाताने केलेली सावलीची पेटी.

गॉगल काढल्यावर लगेच टू-व्हीलर काढू नका, निदान अर्धा तास बसा, तोल थोडा वेळ हललेला असतो आणि तो आपल्याला कळतोच असं नाही. आतेभाऊ अजून ट्रॅकिंग लावून बारा मिनिटांच्या पुढे जात नाही. रिमोटमधल्या त्याच्या मॉडेलमध्ये (सेटिंगच्या संचात) मी एससी नावाच्या स्विचला ट्रॅकिंग बंद ठेवलंय, स्विच वर केला की कॅमेरा हळूच मध्यावर येऊन थांबतो. आकडा दोन झाला की तो स्विच वर करतो, गाडी थांबवतो, गॉगल कपाळावर सरकवतो आणि पाणी पितो.